आधी वेग, मग झडप

(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी, चुडावा येथील एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय आमचा आम्हीच निवडावा, अशी मुभाही दिली. आम्ही चुडाव्याचे रहिवासी. मॅट्रिक झालो, शिक्षकाची पदविका घेतली आणि छत्तीस वर्षे खेड्यापाड्यांतील मुलांना पाढे व भूमिती शिकवून सेवानिवृत्त झालो. अशा माणसाने शिस्तीवर किंवा हुंडाबंदीवर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु त्या विषयांचे आमच्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावर बसले आहेत. आम्ही आज जेट विमानाच्या पंखांना असलेल्या झडपांविषयी बोलणार आहोत. आमच्या वयाचा माणूस विमानाविषयी बोलू लागला म्हणून कोणी हसल्यास आम्हांस राग नाही. सहा महिन्यांपूर्वी आम्हीही हसलो असतो. मात्र आमचे बोलणे संपण्यापूर्वी आम्ही आपणांपुढे एक कबुली देणार आहोत. तिचा संबंध आपल्या वसतिगृहाशी आणि तेथील मुलांशी आहे, म्हणून थोडा धीर धरावा ही विनंती.

आमचा नातू यंदा दहावीत आहे. त्याच्या वडिलांनी त्याला एक जुना संगणक घेऊन दिला. त्यात विमान चालविण्याची हुबेहूब नक्कल करणारा एक कार्यक्रम आहे. त्यास सिम्युलेटर म्हणतात. पडद्यावर वैमानिकाची खोली दिसते, काटे फिरतात, खाली शेते व नद्या दिसतात. गेल्या मे महिन्यात मुलगा दिवसाचा बराच वेळ त्यापुढे बसू लागला. आम्ही दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा रागावलो आणि चौथ्या दिवशी, त्याचे विमान उतरण्याच्या बेतात असताना, भिंतीवरचे बटण बंद केले. पडदा काळा झाला. मुलगा एक शब्दही बोलला नाही. दोन दिवस तो आमच्या पंगतीस जेवावयास बसला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर आम्हांस एक वही दिसली. परीक्षकाची खोड जात नाही. आम्ही ती उघडली. पहिल्याच पानावर पट्टीने आखलेला तक्ता होता. डाव्या स्तंभात 1, 2, 5, 10, 15, 25, 30, 40 असे आकडे होते. उजव्या स्तंभात त्यांच्यापुढे 250, 250, 250, 210, 200, 190, 175 आणि 162. तक्त्याखाली लाल शाईने लिहिले होते : ‘आधी वेग, मग झडप.’

बंधुभगिनींनो, छत्तीस वर्षांत आम्ही हजारो तक्ते मुलांकडून आखून घेतले. कोणीही न सांगता, स्वतःच्या हौसेने, इतक्या नेटकेपणाने आखलेला तक्ता आम्ही क्वचितच पाहिला असेल. ज्यास आम्ही खेळ समजून बंद केले, त्यात हा मुलगा काही शिकत होता. आम्ही वही घेऊन त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, “आमचं चुकलं. आता हे काय आहे ते आम्हाला शिकव.” प्रथम तो संकोचला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “आबा, बसा इथं.”

त्याने जे शिकविले ते आम्ही आमच्या रीतीने आपणांस सांगतो.

आपल्या शिवारात बगळा उतरताना आपण सर्वांनी पाहिला आहे. उडताना त्याचे पंख ताणलेले व निमुळते असतात. उतरावयाची वेळ आली की तो पंख पसरतो, त्यांस बाक देतो, शेपटी फुलवतो आणि अलगद बांधावर पाय टेकतो. विमानालाही हेच करावे लागते. पंखांवरून वाहणारी हवा विमानास उचलून धरते. वेग दुप्पट झाला तर हे उचलणारे बळ चौपट होते आणि वेग निम्मा झाला तर ते पावपटीवर येते. आता उतरताना वेग तर कमी करावयाचा, पण विमान खाली पडू द्यावयाचे नाही. ही अडचण सोडविण्यासाठी पंखाच्या मागच्या कडेस सरकत्या झडपा बसविलेल्या असतात. त्यांस वैमानिक ‘फ्लॅप’ म्हणतात. त्या मागे सरकून खाली झुकल्या की पंख रुंद होतो, त्याला बाक येतो आणि कमी वेगातही तो विमानास तोलून धरतो. वर सांगितलेल्या तक्त्यातील डावीकडचे आकडे या झडपांच्या पायऱ्या आहेत. तो तक्ता बोइंग 737-800 या जातीच्या विमानाचा आहे.

उजवीकडचे आकडे वेगाच्या मर्यादा आहेत. त्या नॉट या मापात मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. झडप 30 व्या पायरीवर आणावयाची असेल तर वेग 175 नॉटच्या, म्हणजे ताशी 324 किलोमीटरच्या, आत हवा. 40 व्या पायरीसाठी तो 162 नॉटच्या, म्हणजे ताशी 300 किलोमीटरच्या, आत हवा. ही मर्यादा कशासाठी, असे आम्ही विचारले. नातवाने उलट आम्हांलाच विचारले, “आबा, वावटळीत छत्री उघडली तर काय होतं?” उत्तर आपणांस ठाऊक आहे. छत्री पावसापासून वाचविते. पण वारा फार झाला की ती उलटी होते आणि काड्या मोडतात. झडपेचेही तसेच आहे. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 250 आणि 175 यांचे प्रमाण दहास सात. वर्ग केला तर शंभरास एकोणपन्नास. म्हणजे 175 ऐवजी 250 नॉटच्या वेगात तीच झडप बाहेर काढली तर तिच्यावर दुपटीहून अधिक दाब येतो. बिजागऱ्या, रूळ आणि झडप सरकविणारे आटे यांच्यावर तो ताण पडतो. एका पंखाची झडप मोडली आणि दुसऱ्याची शाबूत राहिली तर विमान एका अंगावर कलंडू लागते.

संगणकातील विमानासही या नियमातून सूट नाही. हा कार्यक्रम रचणाऱ्यांनी प्रत्येक विमानाच्या नोंदीत झडपांविषयी दोन वेग लिहून ठेवण्याची सोय केली आहे; पहिल्या वेगास झडपेची हानी होते, दुसऱ्या वेगास ती उखडून जाते. चूक केली तर यंत्र सवलत देत नाही. तथापि त्या चुकीत कोणाचा जीवही जात नाही, आणि मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे.

मग आमची परीक्षा झाली. आम्हांस नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंगजी विमानतळावर विमान उतरवावयाचे होते. 2008 साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी हा विमानतळ नव्या रूपात सज्ज झाला, हे आपल्या भागातील सर्वांस स्मरत असेल. आम्ही परभणीच्या बाजूने आलो. खाली पूर्णा दिसली, रेल्वेचा रूळ दिसला आणि आमचे चुडावा दिसले. आपले गाव आकाशातून पाहण्याचा मोह आवरेना. त्या नादात उंची उतरवावयाची राहिली. भान आले तेव्हा धावपट्टी जवळ आली होती, वेग 220 नॉट होता आणि विमान फार उंच होते. आम्ही घाबरलो. घाबरलेल्या माणसाच्या हाताला जे लागते ते तो ओढतो. आम्ही झडपांचा दांडा एकदम 30 वर ओढला. कर्कश इशारा झाला, झडपा निकामी झाल्याचे पडद्यावर आले आणि आमचे विमान नांदेडच्या अलीकडे एका शेतात गेले.

आम्ही कपाळाला हात लावला. मुलगा हसला नाही. तो म्हणाला, “आबा, झडप म्हंजे ब्रेक नव्हं. घाई झाली की सगळे तिच्याकडंच धावतात. वेग आधी कमी करायचा असतो, आणि त्याची तयारी लई मागून करावी लागते.”

ही तयारी कशी करावयाची, याचे त्याने गणित सांगितले. साधा ठोकताळा असा की, हजार फूट खाली येण्यास सुमारे तीन सागरी मैल लागतात. दहा हजार फुटांवरून उतरावयाचे तर तीस सागरी मैल, म्हणजे सुमारे 55 किलोमीटर आधी आरंभ करावा. नांदेडला उतरणाऱ्या विमानाच्या बाबतीत ही जागा परभणीच्या आसपास येते. छत्तीस हजार फुटांवरून उतरावयाचे तर दोनशे किलोमीटर लागतात आणि वेग कमी करण्यास आणखी काही अंतर हाती ठेवावे लागते; म्हणजे छत्रपती संभाजीनगर मागे पडत असतानाच वैमानिकाचे मन नांदेडला पोहोचलेले असावे लागते. आमचे चुडावा नांदेडपासून वीसेक किलोमीटरवर आहे. या हिशोबाने तेथे विमान सुमारे साडेतीन हजार फुटांवर हवे, वेग बराच उतरलेला हवा आणि झडपेच्या पहिल्या पायऱ्या चढून झालेल्या हव्यात. ज्या ठिकाणी आम्ही आपल्या घराचे पत्रे शोधीत बसलो होतो, तेच ठिकाण सर्वांत जागरूक राहण्याचे होते.

वेग उरलाच तर त्यासाठी निराळी साधने आहेत. विमान सपाट ठेवून थांबावे. वेग आपोआप उतरतो. पंखांच्या पाठीवर उभ्या राहणाऱ्या वेगरोधक फळ्या आहेत, त्या वापराव्यात. या विमानाची चाके 270 नॉटपर्यंत बाहेर काढता येतात, तीही वाऱ्यास अडवितात. आणि एवढे करूनही जमत नसेल तर उतरण्याचा हट्ट सोडून पुन्हा वर जावे, एक फेरी मारावी आणि नव्याने यावे. अशी फेरी मारण्यात वैमानिक कमीपणा मानीत नाहीत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मर्यादा केवळ वरून नसते, खालूनही असते. झडपा मिटलेल्या असताना हे विमान, वजनाप्रमाणे, सुमारे 210 नॉटच्या फार खाली नेता येत नाही; नेले तर पंख विमानास धरून ठेवीत नाहीत. म्हणून वेग वरच्या मर्यादेखाली आणावयाचा, पण खालच्या मर्यादेस पोहोचण्यापूर्वी झडपेची पुढची पायरी घ्यावयाची. पडद्यावरील वेगाच्या पट्टीवर वर लाल-काळे पट्टे असतात आणि खाली पिवळा. त्या दोहोंच्या मधून पायरी पायरीने उतरावे लागते. एअरबस 320 जातीच्या विमानाचे आकडे निराळे, 230, 215, 200, 185 आणि 177. पण रीत तीच. काही विमानांत अखेरच्या पायऱ्यांवर वेग वाढला तर झडप आपोआप थोडी मागे घेणारी योजनाही असते. परंतु तिच्या भरवशावर कोणताही शहाणा वैमानिक विमान चालवीत नाही.

हे केवळ पडद्यावरचे नाही. 4 एप्रिल 1979 रोजी अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचे बोइंग 727 हे विमान 39,000 फुटांवरून जात असताना एकाएकी उलटून कोसळू लागले. पंखाच्या पुढच्या कडेची एक फळी वेगात बाहेर आली होती. विमान मिनिटाभरात सुमारे 34,000 फूट खाली आले. चाके बाहेर काढल्यावर आणि ती फळी तुटून गेल्यावर ते कसेबसे सावरले. आतील 89 माणसे वाचली. वैमानिकांनीच नको त्या वेळी ती फळी व झडपा हालविल्या असाव्यात, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष होता. वैमानिकांनी तो मान्य केला नाही. उलट प्रकार 20 ऑगस्ट 2008 रोजी स्पेनमधील माद्रिद येथे घडला. स्पॅनएअर कंपनीच्या विमानाने उड्डाणाच्या वेळी झडपा उघडल्याच नाहीत. ते जेमतेम उचलले जाऊन लगेच कोसळले आणि 154 माणसे मृत्युमुखी पडली. नको तेव्हा उघडणे जितके घातक, तितकेच हवे तेव्हा न उघडणेही घातक.

आणि आपल्या देशातील दुःखद घटना सर्वांच्या मनात ताजी आहे. 12 जून 2025 रोजी अहमदाबादेहून निघालेले एअर इंडियाचे बोइंग 787 विमान कोसळले. विमानातील 241 आणि जमिनीवरील 19 माणसे गेली. दुसऱ्याच दिवसापासून पारावर, एस.टी.त, मोबाइलवर जो तो सांगू लागला की, वैमानिकांनी झडपा उघडल्या नव्हत्या. खेदाची गोष्ट अशी की, आम्हीही तसे बोललो होतो. महिन्याने प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. झडपांचा दांडा उड्डाणास योग्य अशा 5 या पायरीवर आढळल्याची त्यात नोंद आहे. ज्यांना उत्तर देण्यास तोंड उरले नाही अशा दोन माणसांवर आम्ही, झडप म्हणजे काय हे ठाऊक नसता, दोष ठेवून मोकळे झालो होतो. वही वाचल्यानंतर मुलापुढे आम्ही आणखी एकदा खजील झालो ते यामुळे.

आता कबुलीकडे वळतो.

आपल्या विद्यार्थी वसतिगृहात संगणक व मोबाइल यांस संपूर्ण बंदी करावी, असा ठराव मंडळाच्या पुढील सभेत यावयाचा आहे. त्या ठरावाखाली अनुमोदक म्हणून आमची सही आहे. ती सही आम्ही गेल्या वर्षी, पूर्ण विचार न करता, मुलांच्या काळजीपोटी केली. आज या व्यासपीठावरून, सर्वांच्या साक्षीने, आम्ही ती परत घेत आहोत.

ठराव मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. मुले रात्र रात्र पडद्यापुढे बसतात, डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, हे खरे आहे. आमच्या घरीही ते घडत होते. परंतु बंदी आणि मर्यादा हे दोन वेगळे शब्द आहेत. विमानाच्या कारखानदारांनी ‘झडपांस हात लावू नये’ अशी पाटी लावली नाही. कोणत्या वेगात किती उघडावी, याचे आकडे लिहिले. वापर करता यावा म्हणून मर्यादा असते. आमच्या गावावरून रेल्वे जाते. रुळाच्या कडेस वेगाच्या पाट्या असतात, म्हणून गाड्या बंद ठेवीत नाहीत. आम्ही भिंतीवरचे बटण बंद केले तेव्हा मुलाने शिकण्याचे थांबविले नाही. त्याने फक्त आमच्याशी बोलण्याचे थांबविले.

तेव्हा आमची सूचना अशी. वसतिगृहातील संगणक दिवाणखान्यात, सर्वांच्या नजरेसमोर ठेवावा. अभ्यास झाल्यावर दीड तास, असा निश्चित आकडा दारावर लिहावा आणि तो सर्वांस सारखा लागू करावा. मुलगा त्यावर काय करतो, याची त्याने वही ठेवावी आणि अधीक्षकांनी ती आठवड्यास एकदा, छडी न घेता, पाहावी. वही कोरी निघाली तर आकडा कमी करावा. भरलेली निघाली तर मुलाजवळ बसून ती समजून घ्यावी. आमच्या घरी आता हाच नियम आहे. दीड तासाचा आकडा आम्ही घातला नाही. नातवाने स्वतः तक्त्याखाली लिहिला.

पालकांस एक इशारा मात्र द्यावयास हवा. पडद्यावर विमान उतरविले म्हणजे मुलगा वैमानिक झाला, असे समजून कोणी जमीन विकावयास निघू नये. त्या मार्गात कडक वैद्यकीय तपासणी आहे, परीक्षा आहेत, दोनशे तासांचे प्रत्यक्ष उड्डाण आहे आणि खर्च फार मोठा आहे. परंतु नक्कल करून शिकणे ही हलकी गोष्ट नव्हे. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1929 साली जमिनीवर बसून उड्डाण शिकविणारे यंत्र तयार केले. आजही केस पांढरे झालेल्या कप्तानास ठरावीक महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसून परीक्षा द्यावी लागते. तेथे त्याच्यापुढे मुद्दाम संकटे उभी करतात, कारण चूक करावयाची ती जागा आहे. आमच्या शाळेत अशी जागा आम्ही मुलांना किती दिली, हा प्रश्न हल्ली आम्हांस रात्री छळतो. चुकलेल्या गणितावर आम्ही लाल रेघ ओढीत असू आणि पुढच्या मुलाची वही घेत असू.

विद्यार्थिमित्रहो, आज ज्यांचा गौरव होत आहे त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. ज्यांचे नाव या यादीत नाही आणि जे मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांस एवढेच सांगणे की, पहिल्या खेपेस उतरता आले नाही तर पुन्हा वर जाऊन फेरी मारावयाची असते. आम्ही त्या नांदेडच्या धावपट्टीवर सातव्या खेपेस उतरलो. चुडाव्यावर असताना वेग 190 होता, झडप 5 वर होती, चाके वेळेवर निघाली आणि 175 च्या खाली आल्यावरच आम्ही 30 ची पायरी घेतली. विमान थांबले तेव्हा नातवाने पाठीवर थाप मारली नाही, कारण तो वडीलधाऱ्यांचा मान ठेवणारा मुलगा आहे. त्याने वही उघडली, आमच्या नावापुढे तारीख घातली आणि लाल शाईने ‘उत्तीर्ण’ असे लिहिले.